फोन भिजला? तांदळाचा डबा राहू द्या, आधी बटण बंद करा

ताईंनो, पावसाळा लागला की गटाच्या बैठकीत एक वाक्य हमखास कानावर येतं, "माझा फोन भिजला, तेव्हापासून बंदच आहे." कुणाचा फोन नवापूरकडे भात लावताना ओटीतून चिखलात पडतो. कुणाचा धुणं धुताना नदीत जातो, कुणाचा नातवाने हौसेने बादलीत बुडवलेला असतो. नर्मदाकाठच्या मणिबेली, चिमलखेडीसारख्या गावांत बोटीत चढता-उतरताना फोन पाण्यात जायची भीती वर्षभर असते. आणि होळीच्या दिवसांत तर कोण कुणावर पाणी टाकेल, सांगता येत नाही.

फोन भिजला की सल्ले देणारे लगेच जमतात. एक म्हणते तांदळात घाल, दुसरी म्हणते चुलीजवळ ठेव, तिसरी म्हणते चार्जिंगला लावून बघ, चालू होतो का. या तिन्ही सल्ल्यांपैकी शेवटचा सगळ्यात वाईट, मधला धोक्याचा आणि पहिला बिनकामाचा आहे. का, ते या लेखात समजून घेऊ. एक गोष्ट मात्र आताच मनात पक्की करा. भिजलेला फोन बहुतेक वेळा नुसत्या पाण्याने मरत नाही. तो ओला असताना आपण त्याच्यात वीज खेळवतो, त्याने मरतो.

फोन एवढा महत्त्वाचा का झाला

आपल्या जिल्ह्याचा यात वेगळाच मान आहे. देशातलं पहिलं आधार कार्ड शहादा तालुक्यातल्या टेंभली गावात, २९ सप्टेंबर २०१० रोजी, रंजना सोनवणे यांच्या हाती दिलं गेलं. तेव्हा आधार म्हणजे नंबर छापलेला एक कागद होता. आज त्याच आधारचा ओटीपी फोनवर येतो. लाडकी बहीण योजनेची ई-केवायसी करायची तर ओटीपी लागतो. खात्यात पैसे आले की गेले, तेही मेसेजवरून कळतं. सीआरपी ताई गटाच्या नोंदी फोनवर भरतात, अंगणवाडी ताई आणि आशा ताईंचं कामही फोनवरच चालतं.

डोंगरातल्या गावांत आणखी एक अडचण. काही अ‍ॅपमध्ये रेंज नसताना भरलेली माहिती फोनमध्येच साठून राहते. टेकडीवर किंवा बाजाराच्या गावी रेंज मिळाली की ती वर जाते. मध्येच फोन भिजून बंद पडला तर त्या दिवसाची सगळी मेहनत त्यात अडकते. म्हणून भिजलेला फोन म्हणजे नुसता फोनच्या किमतीचा प्रश्न नाही. नोंदी, ओटीपी आणि फोटो सगळं त्यात असतं.

आत नेमकं काय होतं

फोनच्या आत हिरवी किंवा निळी पाटी असते. तिच्यावर केसापेक्षा बारीक तांब्याच्या रेषा असतात. त्या रेषांमधून बॅटरीची वीज ठरलेल्या वाटेने जाते. शेतात पाटाचं पाणी जसं आपण बांध घालून वळवतो, तसंच हे. बांध फुटला की पाणी भलत्याच वाफ्यात शिरतं. फोनमध्ये पाणी गेलं की विजेलाही अशीच भलती वाट मिळते. यालाच शॉर्ट होणं म्हणतात.

आता पाणी कसलं आहे, यावरही बरंच अवलंबून असतं. अगदी शुद्ध पाण्यातून वीज फारशी जात नाही. पण आपल्या बोअरच्या, विहिरीच्या, नदीच्या पाण्यात क्षार असतात. क्षारांमुळे वीज सहज वाहते.

दुसरं नुकसान हळूहळू होतं. कल्हई नसलेल्या पितळेच्या भांड्यात ताक ठेवलं तर ते कळकतं, भांड्याला हिरवट थर येतो, हे आपल्याला माहीत आहे. फोनच्या आतल्या तांब्याच्या रेषांचंही तसंच होतं. त्यात वीज चालू असेल तर हे काम कितीतरी पटीने भरभर होतं. दोन रेषांच्या मध्ये हिरवा-पांढरा गंज जमतो आणि एखादी रेषा खाल्लीही जाते. म्हणूनच बऱ्याच ताई सांगतात, "भिजल्यावर दोन-तीन दिवस नीट चालला, मग महिन्याने अचानक बंद पडला." पाणी वाळलं होतं, पण क्षार आतच राहिले होते आणि गंज वाढत होता.

यावरून दोन गोष्टी कळतात. पहिली, फोन भिजताक्षणी त्यातली वीज थांबवायची. दुसरी, वरून वाळला म्हणजे बरा झाला असं धरून चालायचं नाही.

पहिल्या दहा मिनिटांत काय करायचं

१. फोन चार्जिंगला लावलेला असताना पाण्यात पडला असेल, तर फोनला हात लावू नका. आधी बोर्डाचं बटण बंद करा. बोर्ड ओला असेल किंवा तुम्ही ओल्या जमिनीवर उभ्या असाल तर घराचं मेन स्विच बंद करा, मगच फोन उचला. फोन दुसरा घेता येईल. घरातल्या मुलांनाही हे सांगून ठेवा.

२. फोन पाण्यातून लगेच काढा. जितका जास्त वेळ पाण्यात, तितकं पाणी खोल जातं.

३. चालू असेल तर बंद करा. "चालतोय का बघू" म्हणून फोन लावू नका, फोटो उघडू नका. स्क्रीन दाद देत नसेल तर बाजूचं बटण दहा-पंधरा सेकंद दाबून धरा. आधीच बंद पडला असेल तर बंदच राहू द्या.

४. कव्हर काढा. साध्या बटणाच्या फोनची पाठ उघडते, त्याची बॅटरी लगेच बाहेर काढा. या बाबतीत साधा फोन भाग्यवान, कारण बॅटरी काढली की वीज पूर्ण तुटते. टचच्या बहुतेक फोनची बॅटरी आत चिकटवलेली असते. ती स्वतः उपटायला जाऊ नका.

५. सिम आणि मेमरी कार्ड काढून कोरड्या कापडाने पुसा आणि डबीत ठेवा. सिमच्या खाचेची पिन नसेल तर कानातल्याची बारीक तार किंवा कागदाला लावायची यू-पिन सरळ करून चालते.

६. जुन्या सुती लुगड्याच्या मऊ तुकड्याने फोन बाहेरून टिपून घ्या. चार्जिंगचं भोक खाली करून फोन तळहातावर हलकेच टेकवा, म्हणजे भोकातलं पाणी उतरेल. जोरात झटकू नका, त्याने पाणी आणखी आत सरकतं. भोकात कापूस, काडी, कापडाची वात घालू नका. धागा आत अडकतो.

एवढं झालं की निम्मं काम झालं. आता फोन वाळवायचा.

तांदळाचं खरं काय

मिठाच्या बरणीत तांदळाचे चार दाणे टाकले की पावसाळ्यात मीठ फार पाझरत नाही, हे अनेक घरांत करतात. त्यावरूनच कुणालाही वाटेल की तांदूळ पाणी ओढून घेतो, मग फोनचंही घेईल. पण मिठाच्या बरणीत हवेतला थोडासा दमटपणा असतो आणि दाणे मिठाला चिकटून असतात. फोनमध्ये पाणी आतल्या पाटीखाली, स्क्रीनच्या मागे, अडगळीत बसलेलं असतं. बाहेर पडलेला तांदळाचा दाणा तिथलं पाणी ओढून बाहेर काढू शकत नाही.

आपल्या नंदुरबारच्या मिरचीचंच उदाहरण घ्या. ओली लाल मिरची पोत्यात दाबून भरली तर वाळते का? ती काळी पडते, बुरशी धरते. म्हणून ती पथारीवर पसरावी लागते, अंगाला मोकळी हवा लागावी लागते. फोनचंही तसंच आहे. तांदळात पुरलेला फोन म्हणजे पोत्यात भरलेली मिरची. उघड्यावर, हवेशीर जागी ठेवलेला फोन म्हणजे पथारीवरची मिरची. फक्त एक फरक लक्षात ठेवा, मिरचीला ऊन लागतं आणि फोनला सावली.

तांदळाने नुकसानही होतं. त्याचा बारीक भुगा आणि पीठ चार्जिंगच्या भोकात, स्पीकरच्या जाळीत जाऊन बसतं आणि ओलं झालं की खळीसारखं घट्ट होतं. आयफोन बनवणाऱ्या ॲपल कंपनीनेही २०२४ मध्ये आपल्या ग्राहकांना सांगितलं की ओला फोन तांदळाच्या पिशवीत ठेवू नका, कण आत जाऊन नुकसान होतं.

मग तांदळात ठेवलेले काही फोन चालू कसे होतात? कारण त्या दोन दिवसांत कुणी तो चालू करत नाही, चार्ज करत नाही. श्रेय तांदळाला जातं, पण फोन वाचवते ती विश्रांती. ती विश्रांती तांदूळ न वापरताही देता येते.

बाकीचे घरगुती उपाय एकेक करून पाहू

चूल, शेगडी, तवा, कुकरवर ठेवणं: अजिबात नको. फोनच्या आतले चिकटवलेले भाग सुटतात, स्क्रीन जाते. त्याहून मोठी भीती बॅटरीची. आजच्या फोनमध्ये लिथियमची बॅटरी असते. ती फार तापली तर फुगते, पेट घेते.

कडक ऊन: आपल्याकडे एप्रिल-मे महिन्यांत पारा ४० च्या वर जातो आणि उन्हातला पत्रा त्याहून कितीतरी तापतो. बरेच फोन ४५ अंशांपेक्षा जास्त ताप सोसायला बनवलेलेच नसतात. म्हणून फोन पत्र्यावर, अंगणात, कौलावर ठेवू नका.

केस वाळवायचं मशीन: गरम हवा जवळून मारली की तेच नुकसान. वर जोराच्या हवेने पाणी आत ढकललं जातं. तोंडाने फुंकर मारली तरी आपल्या श्वासातला ओलावा आत जातो.

फ्रिज: थंडीने आतली वाफ पाण्याचे थेंब होऊन बसते. फ्रिजमधून काढलेल्या तांब्याला बाहेरून पाणी सुटतं ना, तसंच फोन बाहेर काढल्यावर त्याच्याही आत सुटतं.

रॉकेल, पेट्रोल, सॅनिटायझर: रॉकेल-पेट्रोल म्हणजे आगीशी खेळ. सॅनिटायझरमध्ये पाणी आणि चिकट पदार्थही असतात. दुरुस्तीवाले जे साफ करायचं स्पिरिट वापरतात ते वेगळं असतं आणि तेही फोन उघडून, बॅटरी सोडवून वापरायचं असतं.

पाणी बाहेर काढणारा आवाज: मोबाइलवर असे व्हिडिओ फिरतात. आवाज लावला की स्पीकरमधले थेंब उडताना दिसतात. पण त्यासाठी फोन चालू ठेवावा लागतो आणि बुडालेला फोन चालू ठेवणं हेच तर टाळायचं आहे. शिवाय पाटीखालचं पाणी आवाजाने निघत नाही.

बूट-चपलेच्या खोक्यातल्या पांढऱ्या पुड्या: हा उपाय मात्र कामाचा आहे. त्या पुड्यांत सिलिका जेल असतं आणि ते हवेतला ओलावा खरंच ओढून घेतं. नवीन चपलेत, पर्समध्ये, औषधाच्या बाटलीत अशा पुड्या मिळतात. एक-दोन पुड्यांनी काही होत नाही, ओंजळभर लागतात. आणि खूप दिवस उघड्यावर पडलेल्या पुडीची ओढून घेण्याची ताकद संपलेली असते. म्हणून मिळाल्या की घट्ट झाकणाच्या डबीत साठवा. लहान मुलांच्या तोंडात जाणार नाहीत, अशा ठिकाणी ठेवा.

वाळवायचा कसा आणि किती वेळ

उन्हाळ्यात आणि हिवाळ्यात आपल्याकडची हवा कोरडी असते. घरात सावलीत, हवेशीर जागी, कोरड्या सुती कापडावर फोन ठेवा. चार्जिंगचं भोक खालच्या बाजूला येईल असा टेकवून ठेवा. पंखा असेल तर त्याच्या साध्या हवेत ठेवा. वीज नसेल तर खिडकीजवळ, पण उन्हात नको. काढलेली बॅटरी फोनपासून वेगळी ठेवा. पूर्ण एक दिवस-रात्र थांबा, दोन दिवस थांबलात तर अधिक बरं.

पावसाळ्यात गोष्ट वेगळी. धडगाव, मोलगी, तोरणमाळच्या बाजूला झड लागली की भिंतीलाही ओल येते, दोरीवरचं लुगडं दोन दिवस वाळत नाही. तिथे उघड्यावर ठेवलेला फोन काय वाळणार! अशा वेळी आधी फोन नीट टिपून, काही तास पंख्याच्या हवेत ठेवून, मग घट्ट झाकणाच्या स्टीलच्या डब्यात ओंजळभर सिलिकाच्या पुड्यांसोबत दोन दिवस ठेवा. मध्ये डबा उघडून बघत बसू नका. उघडला की बाहेरची दमट हवा आत जाते.

दोन दिवसांनी फोन चालू करताना चार्जर लावू नका. बॅटरीत जेवढं चार्जिंग उरलंय तेवढ्यावरच चालू करा. चालू झाला तर सगळ्यात आधी नंबर, फोटो, नोंदी दुसरीकडे उतरवून घ्या. अडकलेली माहिती वर पाठवा. उद्याचा भरवसा धरू नका. मगच चार्जिंगला लावा, तेही दिवसा, आपण समोर असताना, फरशीवर किंवा दगडावर ठेवून. अंथरुणावर, गवताजवळ, लाकडी फळीवर नको. फोन गरम लागला तर लगेच बोर्डाचं बटण बंद करा. काही फोन चार्जर लावल्यावर स्क्रीनवर पाण्याच्या थेंबाचं चित्र दाखवतात. त्याचा अर्थ भोकात अजून ओल आहे, चार्जर काढा आणि थांबा.

चिखल, साबण, रंग, वरणाचं पातेलं

पावसाच्या चार थेंबांनी भिजलेला फोन आणि चिखलात रुतलेला फोन सारखे नाहीत. पावसाचं पाणी त्यातल्या त्यात बरं. साबणाचं पाणी, चहा, वरण-भाजी, होळीचा रंग, गढूळ पूर-पाणी यांत मीठ, साखर, तेल, माती असते. पाणी उडून गेलं तरी ते आतच चिकटून राहतं आणि गंज वाढवतं. अशा फोनला घरी कितीही वाळवलं तरी पुरत नाही. वरचा चिखल ओल्या-पिळलेल्या कापडाने पुसून घ्या, फोन पुन्हा पाण्याखाली धरून धुऊ नका आणि शक्य असेल तर त्याच दिवशी दुरुस्तीवाल्याकडे न्या. बॅटरी न निघणारा टचचा फोन पूर्ण बुडाला असेल तरीही हेच करा. कारण फोन बंद केला तरी बॅटरी आत जोडलेलीच असते.

"माझा फोन वॉटरप्रूफ आहे," असं काही ताई म्हणतात. फोनच्या खोक्यावर आयपी ६७ किंवा आयपी ६८ लिहिलेलं असतं. यातला दुसरा आकडा पाण्याचा. ७ म्हणजे एक मीटर खोल, साध्या, स्थिर पाण्यात अर्धा तास टिकेल असं तपासलेलं. ही तपासणी नव्या फोनवर आणि स्वच्छ पाण्यात होते. दोनदा पडलेल्या, काच तडकलेल्या, एकदा उघडून दुरुस्त केलेल्या फोनला ती लागू राहत नाही.

दुरुस्तीवाल्याकडे जाताना

नंदुरबार, शहादा, तळोदा, नवापूर, अक्कलकुवा इथे दुकानं आहेत, पण गावातून पोहोचायला कुणाला दिवस जातो तर कुणाला बाजाराची वाट बघावी लागते. जाईपर्यंत फोन बंदच ठेवा. आणि दुकानात एवढ्या गोष्टी करा.

कसल्या पाण्यात पडला आणि कधी, हे खरं सांगा. लपवून उपयोग नाही, बऱ्याच फोनमध्ये सिमच्या खाचेत किंवा आत एक पांढरी टिकली असते, पाणी लागलं की ती लाल होते. याच टिकलीवरून कंपनी गॅरंटीही नाकारते, कारण पाण्याचं नुकसान बहुतेक गॅरंटीत बसत नाही.

"फोन उघडून, बॅटरी सोडवून, पाटी साफ करणार का?" असं विचारा. नुसतं गरम हवेने वाळवून देणार असेल तर ते काम आपण घरीही करू शकतो. खर्च आधी विचारा. फोनच्या आजच्या किमतीच्या निम्म्याहून जास्त खर्च सांगितला तर घरी बोलून ठरवा. बदललेला भाग परत मागा.

सिम आणि मेमरी कार्ड घरीच ठेवा. पिन, पॅटर्न, यूपीआयचा आकडा सांगू नका. तपासायला लॉक उघडावं लागलं तर स्वतः समोर उभं राहून उघडा.

नवा फोन घ्यायचीच वेळ आली, तर लगेच कर्ज देणाऱ्या अनोळखी अ‍ॅपच्या नादी लागू नका. त्यापेक्षा गटाचं अंतर्गत कर्ज केव्हाही बरं. व्याजही आपल्याच गटात राहतं आणि दारात कुणी दमदाटी करायला येत नाही.

बॅटरी फुगली तर

बॅटरी फुगलेली दिसली, पाठ उचलली गेली, गोडसर उग्र वास आला, सूं आवाज आला किंवा फोन आपोआप तापला, तर पुढचे सगळे उपाय सोडून द्या. फोन घराबाहेर, चारा, लाकूड, गोठ्यापासून लांब, मोकळ्या मातीवर ठेवा. मुलांना जवळ जाऊ देऊ नका. फुगलेली बॅटरी टोचू नका, दाबू नका, चुलीत किंवा उकिरड्यावर टाकू नका. दुरुस्तीच्या दुकानात देऊन टाका.

फोन बंद आहे, पण नंबर चालू हवा

फोन भिजला तरी सिम बहुधा वाचतं. ते पुसून, वाळवून घरातल्या माणसाच्या दुसऱ्या फोनमध्ये घाला, मेसेज येऊ लागतील. ज्या फोनमध्ये सिम घालाल त्यात तुमचे ओटीपी दिसतील, म्हणून तो फोन खात्रीच्या माणसाचाच हवा आणि काम झालं की सिम काढून घ्या.

फोन सिमसकट नदीत किंवा धरणाच्या पाण्यात गेला, तर सिमच्या कंपनीला फोन करून सिम बंद करायला सांगा आणि बँकेलाही कळवा. मग आधार घेऊन कंपनीच्या दुकानातून त्याच नंबरचं नवीन सिम घ्या. नवीन सिमवर पहिले २४ तास मेसेज येत नाहीत. तो सुरक्षेसाठीचा नियम आहे, घाबरू नका. पण याच कारणाने ई-केवायसी किंवा हप्ता भरायचं काम शेवटच्या दिवसावर ठेवू नका. या गडबडीत "तुमचं सिम बंद होणार, ओटीपी सांगा" असा फोन आला तर तो फसवणुकीचा समजा. पैसे गेलेच तर लगेच १९३० या नंबरवर तक्रार करा.

पावसाआधी गटाने करायची तयारी

झिपची जाड प्लॅस्टिक पिशवी प्रत्येकीकडे असू द्या. ती नसेल तर दुधाची रिकामी पिशवी धुऊन, पूर्ण वाळवून घ्या, फोन घालून तोंड दुमडा आणि रबर लावा. शेतात, बोटीत, बाजारात फोन असाच न्या. ओटीत किंवा ब्लाउजमध्ये ठेवलेल्या फोनला पावसाआधी घामच भिजवतो, हेही लक्षात असू द्या.

प्रत्येक बैठकीनंतर रेंज मिळताच नोंदी वर पाठवा आणि हिशोब वहीतही लिहा. वही भिजली तर फोन आहे, फोन भिजला तर वही आहे. गटातल्या सगळ्यांचे नंबर, बँक शाखेचा नंबर आणि घरच्या दोन माणसांचे नंबर वहीच्या शेवटच्या पानावर असू द्या. फोनवर *#०६# दाबलं की पंधरा आकडे दिसतात, तो आपल्या फोनचा क्रमांक. तोही तिथेच लिहून ठेवा, हरवल्यावर कामी येतो.

आणि गटात एक सामायिक डबा करा. घट्ट झाकणाचा स्टीलचा डबा, त्यात सगळ्यांनी जमवलेल्या सिलिकाच्या पुड्या, एक सुती फडकं आणि सिम काढायची पिन. ज्या घरी बैठक होते त्या घरी तो ठेवा. कुणाचाही फोन भिजला की डबा तिच्या घरी जाईल.

बैठकीत वाचून दाखवा

वीज तोडा, मग फोन उचला. फोन बंद करा आणि बंदच ठेवा. बॅटरी निघत असेल तर काढा, सिम काढा. टिपा, झटकू नका. सावलीत, हवेत, दोन दिवस. चूल नको, ऊन नको, चार्जर नको. चिखल-साबणात पडला तर त्याच दिवशी दुकान गाठा. चालू झाला की आधी नोंदी उतरवा, मग चार्ज करा. आणि तांदूळ? त्याची भाकरी नाहीतर खिचडी करा, घरच्यांच्या पोटात जाऊ द्या.